मातीकामाचा तास: मुख्याध्यापकांना आणि पालकांना काय सांगायचं

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा: पहिली-दुसरीच्या वर्गाला आठवड्यातून एक तास मातीकाम द्यायचंय, मुख्याध्यापक म्हणतात आधी फायदे लिहून द्या, पालक म्हणतात युनिफॉर्म मळतो, आणि दुकानातलं रंगीत क्ले आणलं तर चालेल का. मी शाळाशाळांतून मातीकाम घेते, जिल्हा परिषदेच्याही आणि भरपूर फीवाल्याही, त्यामुळे तिन्हीवर बोलते. जरा लांबेल.

मुख्याध्यापकांना देताना 'सर्जनशीलतेला वाव मिळतो, एकाग्रता वाढते' असलं काही लिहू नका. खोटं नाहीये ते, पण नाचाच्या क्लासपासून अबॅकसपर्यंत सगळ्यांच्या जाहिरातीत तेच असतं, वाचणारा माणूस पान उलटतो. त्यापेक्षा हाताबद्दल लिहा. पहिलीच्या प्रत्येक बाई सांगतात की मुलं पेन्सिल मुठीत धरतात, दोन ओळी लिहिल्या की हात दुखतो म्हणतात, आणि त्यावर आपण करतो काय, तर अजून एक पान गिरवायला देतो. पेन्सिल नीट धरायला अंगठा बाकीच्या बोटांसमोर यावा लागतो, करंगळीकडची बाजू कागदावर स्थिर राहावी लागते, तळहाताला खोलगटपणा यावा लागतो, मनगट पक्कं लागतं. हे गिरवून येत नाही, काहीतरी दाबून, पिळून, चिमटून, थापूनच येतं. घट्ट मळलेला मातीचा गोळा फोडताना मुलाचा खांद्यापासून जोर लागतो, साप वळताना दोन्ही तळहात सारख्या दाबाने पुढेमागे न्यावे लागतात नाहीतर साप एका टोकाला जाड राहतो, आणि अंगठ्याने खळगा करून वाटी करताना तर एक हात नुसता धरून फिरवतो आणि दुसरा चिमटत जातो. दोन हातांनी एकाच वेळी दोन वेगळी कामं. शर्टाचं बटण लावायला, डबा उघडायला, कात्रीने गोल कापायला हेच लागतं. फक्त एक करा, 'अक्षर सुधारेल' असं वचन देऊ नका. अक्षरासाठी लिहिण्याचा सराव लागतोच, माती फक्त हात तयार करते.

आता इथेच रंगीत क्लेचं उत्तर देऊन टाकते. चालेल, पण मातीच्या ऐवजी नाही. ते इतकं मऊ असतं की हाताला कामच पडत नाही. शिवाय एका मुलाच्या वाट्याला येणार किती, तर लिंबाएवढ्या चार गोळ्या, मग मूल काय करणार, छोटं फूल, छोटी गोगलगाय, बोटांच्या टोकांनी. खांदा, कोपर, तळहात सगळे सुट्टीवर. पहिली पंधरा मिनिटं रंग मिसळू नका म्हणून ओरडण्यात जातात आणि नंतर सगळं मिळून तपकिरी होतंच. प्लॅस्टिसिन, म्हणजे न वाळणारं क्ले, काढलं होतं एका कलाशिक्षकानेच, इंग्लंडमधल्या विल्यम हारबटने १८९७ मध्ये, कारण खरी माती वर्गात सारखी वाळायची आणि त्याला ते नको होतं. त्याची अडचण खरी होती, पण मला विचाराल तर माती वाळते हाच तिचा मोठा गुण आहे, त्यावर पुढे येतेच. आणि पिठाचं असतं ते प्ले डो घरी खेळायला ठीक आहे.

मुख्याध्यापक गणिताचे असतील तर त्यांना हा प्रयोग वर्गात करून दाखवा, कागदापेक्षा त्याचा उपयोग होईल. मातीचे दोन सारखे गोळे घ्या, तराजूत घालून मुलांकडूनच सारखे करून घ्या. मग एक तसाच ठेवायचा आणि दुसऱ्याचा लांब साप वळायचा. विचारायचं, आता माती कशात जास्त? पहिलीतली बरीच मुलं ठामपणे सांगतात सापात जास्त, लांब आहे ना. काही म्हणतात गोळ्यात जास्त, जाड आहे म्हणून. हा प्रयोग स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेचा, डीएडला सगळ्यांनी घोकलेला असतो पण प्रत्यक्ष मुलांबरोबर केलेले शिक्षक मला फार कमी भेटलेत. मातीचं प्रमाण तेवढंच राहतं हे साधारण सात-आठ वर्षांच्या आसपास समजतं, वजन तेवढंच राहतं हे त्यानंतर नऊ-दहाला, आणि पाण्यात बुडवल्यावर पाणी तेवढंच वर चढेल हे तर अकरा-बाराला. म्हणजे दुसरीचा वर्ग अगदी मधोमध उभा असतो, अर्धी मुलं या बाजूला अर्धी त्या बाजूला, आणि जी भांडणं होतात ती ऐकण्यासारखी असतात. उत्तर सांगू नका. कोणीतरी साप परत गोळा करून दाखवतंच, 'बघ, तेवढाच आहे', आणि समोरचा तरीही म्हणतो की साप असताना जास्त होता. भांडू द्या त्यांना, पुढच्या महिन्यात परत करा. अपूर्णांकांचंही तसंच, गोळ्याचे डोळ्यांनी चार सारखे भाग करायचे आणि मग तराजूवर तपासायचं, हे ज्या मुलाने केलंय त्याला पुस्तकातली रंगवलेली पाव भाकरी वेगळीच दिसते.

मला स्वतःला मातीकामातलं सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? उभं करणं. चार-पाच वर्षांच्या मुलाला माणूस कर म्हणालात तर ते टेबलावर आडवा माणूस करतं, पाटीवर चित्र काढल्यासारखा, डोक्याची चपटी चकती, खाली हातपायांचे साप, वरून डोळे टोचलेले. त्याच्या दृष्टीने माणूस पूर्ण झाला. मग कधीतरी त्याला वाटतं हा उभा राहिला पाहिजे, आणि तिथून खरी मजा सुरू होते, कारण पाय बारीक आणि डोकं मोठं, उभा केला की कंबरेतून मोडतो. मूल पाय जाड करतं. मग पाय जाड पण जवळजवळ, बाजूला पडतो. मग पायांत अंतर. मग कोणीतरी हुशारी करून शेपूट लावतं आणि तिसरा पाय म्हणून टेकवतं, कोणी बाईला घेरदार परकर नेसवतं म्हणजे पायांचा प्रश्नच मिटला. हे सगळं भौतिकशास्त्र आहे आणि ते कोणी शिकवलेलं नसतं. तुम्ही काड्या, तारा पुरवायला धावू नका एवढंच. कागदावरच्या चित्रात हत्ती हवेत तरंगला तरी चालतं, मातीचा हत्ती लगेच आडवा होतो, बाई काही म्हणायच्या आधी.

बैल करताना पण बघा, काही मुलं एकाच गोळ्यातून पाय, मान, शिंगं ओढून काढतात आणि काही सुटे भाग करून चिकटवतात. दोन्ही बरोबर आहे, एकाला दुसऱ्यासारखं करायला लावू नका. चिकटवणाऱ्यांना फक्त दाखवायचं की दोन्ही बाजू काडीने खरवडायच्या, मध्ये पातळ चिखल लावायचा आणि दाबून सांधा बोटाने पुसून घ्यायचा, नाहीतर वाळल्यावर शिंगं गळतात.

'मला येत नाही' म्हणणारं मूल प्रत्येक वर्गात असतं. चित्रात ते खोडरबराने कागद फाडेपर्यंत खोडतं आणि मग वही मिटून बसतं. मातीत चूक दिसतच नाही, मोडलं, मळलं, परत गोळा. राग आलेलं मूल गोळा आपटतं आणि आपटलेला गोळा उलट चांगला होतो, त्यातली हवा जाते. मी यावरून 'माती थेरपी आहे' वगैरे म्हणणार नाही. ज्या मुलाला खरंच त्रास आहे त्याला समुपदेशक लागतो, ऑक्युपेशनल थेरपिस्ट लागतो, आणि मातीने डिस्लेक्सिया बरा होतो असं कोणी विकत असेल तर त्यांच्यापासून लांब राहा.

मात्र हे सगळे फायदे एका अटीवर आहेत आणि नेमकी तीच अट शाळा पाळत नाहीत. भाद्रपद आला की एक दिवस 'इको फ्रेंडली गणपती कार्यशाळा', शाडूचं पोतं, रबराचे साचे, मुलांनी माती साच्यात दाबायची, सोंड बाईंनी नीट करून द्यायची, फोटो, ग्रुपवर टाकले, संपलं, पुढचं मातीकाम पुढच्या भाद्रपदात. याला मी मातीकाम म्हणत नाही. पर्यावरणाचा संदेश गेला असेल, त्याला माझी हरकत नाही, पण मुलाच्या हाताने काय केलं तर दाबलं, आणि डोक्याने काहीच नाही. साचा नको, नमुना समोर ठेवून 'अस्संच करा' नको, आणि प्रदर्शन तर नकोच नको, कारण प्रदर्शन ठरलं की पालक घरून करून पाठवतात आणि बाई रात्री बसून कान चिकटवतात. दर आठवड्याला तीच साधी माती, तेवढाच वेळ, आणि तास संपताना बहुतेक गोष्टी मोडून परत बादलीत. पहिले दोन-तीन तास मुलं नुसती थापतील, भोकं पाडतील, लाडू वळतील, चपात्या लाटतील. तुम्हाला वाटेल काहीच होत नाहीये. त्या वेळी विषय देऊ नका. साधारण चौथ्या-पाचव्या तासाला लाडूंचं दुकान होतं, चपातीची चूल होते, मग चुलीशेजारी आजी येते.

सणांना लागून विषय आपोआप येतात तेवढे येऊ द्या. कोल्हापूर-सांगलीकडे आषाढात बेंदराचे मातीचे बैल, बाकीकडे श्रावणी अमावस्येचा पोळा, नागपंचमीचा नाग, खानदेश-विदर्भात भुलाबाई, दिवाळीत किल्ला. किल्ल्यात तर मुलं उतार, बुरूज, पाण्याचं टाकं, चोरदरवाजा असलं किती काय काय स्वतःहून ठरवतात. पुणे जिल्ह्यात इनामगावच्या उत्खननात न भाजलेल्या मातीचा बैल आणि त्यासोबत बिनडोक्याची देवी सापडलीय, तीन हजार वर्षांहून जुनी, मुलांना हे सांगितलं की आपल्या हातातल्या बैलाकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात. आणि हो, अशा वेळी ज्या मुलाच्या घरी शेत आहे किंवा कुंभारकाम आहे ते मूल वर्गातलं तज्ज्ञ होतं. एरवी वाचनात मागे म्हणून गप्प बसणारा मुलगा 'असं नाय, पाणी कमी टाक, चिखल व्हईल' असं सांगायला लागतो आणि बाकीचे ऐकतात. चिकट, गच्च, भुसभुशीत, दमट, खरबरीत, चीर, तडा, हे शब्द तिथेच येतात आणि ते हातातून आलेले असल्यामुळे राहतात.

सगळ्या मुलांना माती आवडते असं नसतं बरं का. काहींना ओला चिकटपणा अजिबात सहन होत नाही, हात वर धरून बसतात. जबरदस्ती करू नका, लाड म्हणून हसू पण नका. त्यांना आधी कोरडी चाळलेली माती द्या, मग काडीने रेघा मारायला मातीचीच थापलेली पाटी द्या, शेजारी पाण्याचा वाडगा आणि फडकं ठेवा म्हणजे पाहिजे तेव्हा हात धुता येतो. बहुतेकजण हळूहळू येतात, नाही आले तरी चालतं. याउलट वर्गात अंध किंवा खूप कमी दिसणारं मूल असेल तर हा तास त्याचाच असतो. लोवेनफेल्ड नावाचे कलाशिक्षणातले मोठे अभ्यासक व्हिएन्नामध्ये अंध मुलांकडून मातीचे चेहरे करून घ्यायचे आणि स्पर्शातून आकार कसा कळतो याचा त्यांचा विचार बराचसा तिथेच घडला. आणि एखादं मूल माती सारखी तोंडात घालत असेल, एकदा चव बघून थुंकणं वेगळं, पण लपून खात असेल, तर ओरडू नका, पालकांना सांगून हिमोग्लोबिन तपासायला लावा, लोह कमी असलं की असं होताना दिसतं.

आता वाळण्याचं. तिसरी-चौथीला हाच विज्ञानाचा तास होतो. अर्ध्या किलोचा गोळा थापून खिडकीत ठेवा, रोज वजन करून फळ्यावर लिहा. पूर्ण वाळेपर्यंत साधारण पाचवा हिस्सा वजन जातं, आकारही थोडा आक्रसतो. गेलं कुठे, म्हणून विचारा. मग दोन तुकडे पाण्यात टाका, एक कडक वाळलेला आणि एक अर्धवट ओला. सगळे सांगतील ओला आधी विरघळेल. होतं उलटं, कोरडा तुकडा फसफसत काही मिनिटांत ढासळतो आणि ओला तसाच बसून राहतो, कारण कोरड्याच्या आतल्या बारीक पोकळ्यांत पाणी झपाट्याने शिरतं आणि ओल्याच्या पोकळ्या आधीच पाण्याने भरलेल्या असतात. वापरलेली माती परत भिजवायची तर आधी पूर्ण वाळवून फोडायची, ती यामुळेच. तिसरा तुकडा कुंभाराकडून भाजून आणा आणि तो पाण्यात टाका, महिनाभर ठेवा, त्याचा चिखल होत नाही. साधारण ६०० अंशांच्या पुढे तापली की मातीतलं घट्ट बांधलेलं पाणीसुद्धा निघून जातं आणि ती परत माती होऊ शकत नाही. उलटवता येणारा बदल आणि न येणारा बदल, दोन्ही एकाच ताटलीत.

भाजायला द्यायचं असेल तर वस्तू अंगठ्यापेक्षा जाड नको, जाड असेल तर खालून कोरून पोकळ करा आणि कुठेतरी भोक ठेवा, सावलीत आठवडा-दोन आठवडे वाळू द्या. आत ओल राहिली की वाफ होते आणि आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, तुकडा फुटतो, शेजारच्याची वस्तूपण घेऊन जातो. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

माती कुठली? जवळ कुंभार असेल तर प्रश्नच नाही, तयार मळलेली माती त्याच्याकडूनच घ्या आणि त्याला योग्य पैसे द्या, फुकट मागू नका. फक्त त्यात लीद मिसळलेली नको हे आधी सांगा. नसेल तर तळ्याच्या, ओढ्याच्या काठचा गाळ. आपल्याकडची शेतातली काळी माती एकटी वापरली तर वाळताना फार तडकते, तिच्यात बारीक चाळलेली वाळू घालावी लागते. कोकणातल्या लाल मातीत खडे फार, तिथे भातखाचरातली चिकट माती बघा. शाडू चालतो, गुळगुळीत असतो, मुलांना आवडतो, पण वाळल्यावर फार ठिसूळ. परीक्षा सोपी आहे, पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळायची, चिरा पडल्या तर माती कमी चिकट. रस्त्याकडेची, उकिरड्याजवळची, गोठ्यातली, कारखान्याजवळची माती आणायची नाही, आणलेली भिजवून गाळून घ्यायची, काच-खिळे निघतात. हाताला जखम असलेल्या मुलाला त्या दिवशी लाटणं आणि काड्या द्या. चाळीस मुलांना प्रत्येकी अर्धा किलो धरली तर वीस किलो, झाकणाच्या दोन बादल्यांत ओल्या गोणपाटाखाली वर्षभर राहते. वास यायला लागला तर घाबरू नका, जुनी माती जास्त चांगली वळते.

हात धुणं मात्र कडक ठेवा. बेसिनमध्ये अजिबात नाही, पाइप तुंबला की शाळेतलं मातीकाम तिथेच बंद पडतं, हे मी अनेक ठिकाणी बघितलंय. आधी बादलीत हात बुडवायचे, मग नळावर, बादलीतला गाळ बसला की वरचं पाणी झाडांना आणि गाळ परत मातीत. वाळलेली जमीन झाडूने झाडू नका, ती बारीक धूळ फुप्फुसाला वाईट, ओल्या फडक्याने पुसा.

युनिफॉर्मचं म्हणाल तर जुना शर्ट उलटा घालून मागून बटणं लावायची, झालं. साधी माती वाळल्यावर झटकली की बरीचशी जाते, लाल मातीचा डाग तेवढा राहतो. खरं सांगायचं तर पालकांची तक्रार कपड्यांची कमी आणि 'यासाठी फी भरतो का' याची जास्त असते. पालकसभेत भाषण देऊ नका, त्यांच्यापुढे एकेक गोळा ठेवा आणि वीस मिनिटं गप्प बसा. बाबालोक आधी मोबाईल बघतात, मग सगळ्यात शेवटी उठतात तेच.

मुख्याध्यापकांच्या कागदात दोन गोष्टी अजून घाला. कार्यानुभव आणि कला हे विषय आपल्या वेळापत्रकात आहेतच, त्यामुळे तास 'काढावा' लागत नाही, आहे तो वापरायचाय. दुसरं, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलेत, सुतार, माळी, कुंभार अशांबरोबर काम करायला, कुंभार तिथे नावानिशी आहे. पैसे नाहीत म्हणाले तर बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली तेव्हा महागड्या परदेशी साधनांऐवजी आजूबाजूला मिळेल त्यातूनच साधनं केली होती हे आठवण करून द्या.

आणि मार्क द्यावे लागणारच आहेत, तर वस्तूला देऊ नका. वहीत प्रत्येक मुलापुढे महिन्यातून एकदा तीन नोंदी करा: दोन्ही हात वापरतं का, मोडल्यावर काय करतं, आणि काय केलंय ते सांगताना किती बोलतं. नोंदवायला तासात पाच-सहा मुलंच घ्या, सगळी एकदम घेतलीत तर एकाकडेही नीट बघणं होणार नाही.